दुसरं नाणं दिसलं की हात थांबवा

मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या माझ्या सर्व मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले काहीजण मला ओळखतात. सापडलेलं नाणं कुणाचं, कधीचं, कुठल्या टांकसाळीतलं, हे विचारायला तुम्ही येता आणि मी डोळ्याला भिंग लावून वाचून सांगतो. पूर्वी मीही तुमच्यासारखाच कानाला हेडफोन लावून हिंडत असे. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून खड्डे खणायचं सोडून टेबलापाशी बसलो. त्यामुळे हे पत्र कुणा बाहेरच्या माणसाचा उपदेश आहे असं समजू नका. घरातल्याच माणसाची कटकट आहे.

गेल्या महिन्यात एक तरुण आला. चेहरा फुललेला. काही न बोलता त्याने कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. तांब्याची 47 नाणी, नव्या बटणांसारखी लखलखीत. रात्रभर आंबटात भिजत घालून सकाळी तारेच्या ब्रशने घासली होती, आणि हे तो अभिमानाने सांगत होता. मी एक उचलून भिंगाखाली धरलं. राजाच्या गालावर ब्रशचे बारीक समांतर ओरखडे. कडेच्या लेखातली अर्धी अक्षरं नुसती उंचवटे होऊन उरलेली. एका नाण्याला फावड्याची चीर गेली होती. बाकीचं सगळं शेकडो वर्षांचं आणि ती चीर तेवढी ताजी, लालसर.

मी विचारलं, "यातलं वरचं कोणतं होतं?"

"वरचं म्हणजे?"

"सगळ्यात आधी हाताला आलं ते. आणि तळाचं कोणतं?"

तो हसला. "काका, एकाच खड्ड्यातली आहेत सगळी. त्यात वर काय आणि खाली काय!"

तेव्हा मी त्याला उत्तर दिलं नाही. मला राग आला होता आणि रागात मी वाईट बोलतो. ते उत्तर आता इथे सावकाश देतो.

2010 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळच्या शेतात डेव्ह क्रिस्प नावाचा एक डिटेक्टरवाला फिरत होता. मशीनने विचित्र आवाज दिला. वीतभर-दीड वीत खणल्यावर मातीत लहानशी नाणी लागली आणि त्यांच्याबरोबर एका मडक्याचा काठ. त्या क्षणी त्याच्या हातांना काय वाटलं असेल हे तुम्हाला सांगायला नको. आपण सगळे त्याच क्षणासाठी तर जन्मभर बाटल्यांची झाकणं उकरतो. या पठ्ठ्याने खणणं थांबवलं. खड्डा बुजवला आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला कळवलं.

मग पुरातत्त्वज्ञ आले आणि तीन दिवस त्या खड्ड्यापाशी बसले. मडकं जमिनीतच तडकलेलं होतं, त्यामुळे ते उचलून नेणं शक्य नव्हतं. त्यांनी आतली नाणी थराथराने काढली आणि प्रत्येक थराची पिशवी वेगळी ठेवली. मोजदाद झाली तेव्हा 52,503 नाणी भरली, वजन सुमारे 160 किलो. एकाच मडक्यात!

आता गंमत पाहा. त्या ढिगातली सगळ्यात उशिराची नाणी कॅरॉसियसची होती. हा रोमशी फुटून इ.स. 286 ते 293 या काळात ब्रिटनवर राज्य करून गेलेला बंडखोर. एखाद्याने वर्षानुवर्षं बचत करून मडकं भरत आणलं असतं, तर जुनी नाणी तळाला आणि कॅरॉसियसची वर सापडायला हवी होती. प्रत्यक्षात त्याच्या नाण्यांचा मोठा भाग मडक्याच्या निम्म्याच्याही खाली होता. म्हणजे मडकं हळूहळू भरलं नव्हतं, एकाच वेळी भरलं गेलं होतं. आणखी एक गोष्ट, मडक्याची भिंत पातळ. इतक्या वजनासकट ते कुणालाही उचलता आलं नसतं. म्हणजे आधी खड्ड्यात रिकामं मडकं बसवलं आणि मग त्यात नाणी ओतली. असं पुरलेलं धन पुन्हा पटकन काढता येत नाही. मडकं फोडावं लागतं किंवा मूठ-मूठ करत उपसावं लागतं. त्यावरून काही अभ्यासकांनी असा कयास मांडला की ही कुणाची लपवलेली पुंजी नसावी, गावाने मिळून देवाला वाहिलेलं दान असावं. सगळ्यांना तो पटलेला नाही. पण वाद घालायला मुद्दा आहे, आणि तो मुद्दा "वरचं कोणतं, खालचं कोणतं" एवढ्या माहितीवर उभा आहे.

क्रिस्पने तीच नाणी पोत्यात भरून घरी आणली असती तर? नाणी 52,503 च राहिली असती. एकही कमी नाही. त्यांतलं एकेक नाणं मी तुम्हाला वाचून दाखवलं असतं. पण ती तिथे का होती, हे कुणालाही कधीही सांगता आलं नसतं.

पहिलं नाणं काढायला माझी ना नाही. नांगरटीच्या मातीत सुटं पडलेलं नाणं हे बहुधा कुणाच्या तरी हातून पडलेलं असतं आणि नांगराने दहा वेळा इकडचं तिकडे केलेलं असतं. ते काढा, जागा टिपा, आणि नियमाप्रमाणे जिथे कळवायचं तिथे कळवा. पण हातभर अंतरात दुसरं निघालं, तर हात बाहेर काढा. खापरी दिसली, लाकडाचा काळा डाग दिसला, गंजलेला खिळा चिकटलेला दिसला, तरी तेच. एक पडू शकतं, दोन एकत्र सहसा पडत नाहीत. ती बहुधा कुणीतरी ठेवलेली असतात, आणि कशी ठेवली होती ते फक्त मातीला माहीत असतं.

हे मी कोरड्या अंगाने सांगत नाही. हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. पुष्कळ वर्षं झाली. दोन दिवस पाऊस पडून गेला होता, जमीन ओली होती. ओल्या मातीत सिग्नल खोलवरून आणि स्वच्छ येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बांधालगत चांदीचं एक नाणं निघालं, मग दुसरं, मग तिसरं. पुढचं मला नीटसं आठवतही नाही. अंगात आल्यासारखा मी खणत होतो. संध्याकाळपर्यंत 19 नाणी. मध्ये मध्ये लालसर खापऱ्या येत होत्या. कुणाच्या फुटक्या कुंडीचे तुकडे असतील म्हणून मी त्या झुडपात भिरकावल्या. दोन-तीन नाण्यांच्या पाठीला तपकिरी, जाळीदार असं काहीतरी चिकटलं होतं. माती समजून मी ते अंगठ्याने चोळून काढलं.

ते कापड होतं. नाण्यात मिसळलेल्या तांब्याचे क्षार लगतच्या कापडात, लाकडात, चामड्यात मुरतात. तांब्यापुढे जिवाणूंचं फार चालत नाही, त्यामुळे बाकी सगळं कुजून गेलं तरी धातूला टेकलेला नखाएवढा तुकडा टिकतो. कधी तर धागा स्वतः नाहीसा होतो आणि त्याच्या आकाराचा क्षार तेवढा उरतो. सुताचा पीळ डावा की उजवा हेसुद्धा त्यावरून सांगता येतं. हे सगळं मी नंतर शिकलो. शिकलो त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर गेलो, तर तिथे खोल नांगरट होऊन गेलेली. झुडूपही नव्हतं. ती 19 नाणी मी नंतर रीतसर जमा केली. नोंदीच्या कागदावर "कशात होती?" या रकान्यात मी लिहिलं, "माहीत नाही." खरं तर मला माहीत व्हायला हवं होतं. मडक्यात, कापडात बांधून. मीच ते पुसलं होतं.

याच्या अगदी उलट एक माणूस, एरिक लॉज. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, म्हणून हा मित्राच्या मदतीला मशीन घेऊन गेला. लागलं ते घबाड: रोमन काळाच्या अखेरची सोन्या-चांदीची 15,000 च्या आसपास नाणी, शिवाय चमचे, दागिने, पुतळीच्या आकाराची मिरपूड ठेवायची चांदीची डबी. त्याने काही वस्तू काढल्या खऱ्या, पण लगेच थांबून वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी शास्त्रीय उत्खनन झालं. पेटी ओकच्या लाकडाची होती, आत छोट्या पेट्या होत्या, त्यांना चांदीची नाजूक कुलपं होती, काही वस्तू गवतात आणि कापडात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या, हे सगळं त्यामुळे कळलं. कुणीतरी घाबरून पळताना कोंबलेला ऐवज तो नव्हता. निवांत बसून, एकात एक बसवून आवरलेली ती पेटी होती. हातोडाही सापडला बरं का, तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. शेतकऱ्याने नवा घेतला असावा.

आता आपल्या मशीनविषयी. ते काय ऐकतं आणि काय ऐकत नाही, हे आपण विसरतो. कॉइलमधला, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातला, बदलता प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवतो, त्याने धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र परत येऊन आपल्या कानात टुंईं करतं. बस, एवढंच. मशीनला धातू कळतो. मडकं, कापड, लाकूड, राख, हाडं, खड्ड्याची कड, मातीचा बदललेला रंग यांतलं काहीही त्याला कळत नाही. म्हणजे खड्ड्यात जे काही आहे, त्यातला बहुतेक भाग मशीनच्या लेखी अस्तित्वातच नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलसुद्धा 1881 मध्ये असाच फसला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला त्याने असंच यंत्र बनवलं. गोळी काही सापडली नाही. डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधू दिलं आणि खाटेतल्या पोलादी स्प्रिंगा यंत्राला भलतंच ऐकवत राहिल्या, असं सांगतात. यंत्राने धातूच ऐकला होता, पण खाटेचा.

त्यात आपण आणखी एक करतो. डिस्क्रिमिनेशनची कळ फिरवून लोखंड गप्प करतो. मीही करायचो. दिवसभर खिळ्यांची टरटर कोण ऐकणार? पण पेटीचे कोपरे, बिजागऱ्या, कुलूप हे बहुधा लोखंडाचंच असतं. नाण्यांचा गोड आवाज येतो तिथे तरी एकदा लोखंड चालू करून त्याच जागेवर कॉइल फिरवून पाहा. भोवती चौकोनात टरटर झाली, तर तुम्ही कशावर उभे आहात ते समजून घ्या.

आणि शिसं. शिशाच्या गोळ्यांना तुम्ही कचरा म्हणता. फेकून देता, किंवा वितळवून मासेमारीची वजनं करता. टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट ऐका. जर्मनीत ओस्नाब्रुकला त्याची नेमणूक होती. इ.स. 9 मध्ये रोमन सेनापती व्हारूसच्या तीन पलटणी जर्मन टोळ्यांनी कापून काढल्या, ती जागा नेमकी कुठली यावर शेकडो वर्षं वाद चालू होते. 1987 मध्ये क्लन आधी तिथल्या पुरातत्त्वज्ञांना भेटला, परवानगी घेतली आणि काल्क्रीझच्या परिसरात फिरू लागला. चांदीचे रोमन दिनार मिळाले, शंभराहून अधिक. उत्तम. पण चांदीवरून लढाई सिद्ध होत नाही. एखाद्या व्यापाऱ्याची थैलीही असू शकते. पुढच्या वर्षी त्याला शिशाचे तीन लांबट गोळे मिळाले. ते गोफणीचे होते. व्यापारी गोफणीचे शिशाचे गोळे घेऊन हिंडत नाही, सैन्य हिंडतं. त्या तीन ओबडधोबड गोळ्यांनी उत्खननाची दिशा ठरवली, आणि आज बहुतेक अभ्यासक ती रणभूमी काल्क्रीझलाच मानतात. शंभर दिनारांनी जे केलं नाही ते तीन शिशाच्या गोळ्यांनी केलं. क्लनने ते फेकले असते तर? तुम्ही किती फेकलेत?

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला तर नाण्यांचा प्रश्नच नव्हता. 1876 मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टर आपल्या घोडदळाच्या तुकडीसह तिथे मारला गेला. 1983 मध्ये वणव्याने त्या माळावरचं गवत जळून गेलं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांनाच बोलावलं. आपल्यासारख्यांना! एका रांगेत चालायचं, सिग्नल आला की फक्त छोटं निशाण रोवायचं. मागून येणारे प्रत्येक वस्तूची जागा मोजून मग ती काढायचे. गोळ्या आणि रिकामी काडतुसं, बाजारात ज्यांना फारशी किंमत नाही अशा वस्तू. पण बंदुकीतली ठोका मारणारी सुई प्रत्येक काडतुसावर आपली खूण सोडते आणि दोन बंदुकांची खूण सारखी नसते. त्यामुळे एकाच बंदुकीची काडतुसं नकाशावर जोडत गेलं की ती बंदूक धरणारा माणूस कुठून कुठे सरकला हे दिसू लागलं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाची चाल! ही काडतुसं आधी कुणी हौशी लोकांनी खिशात घालून नेली असती, तर तो नकाशा रिकामा राहिला असता.

नेब्राच्या चकतीची गोष्ट मात्र सांगताना माझं डोकं फिरतं. 1999 मध्ये जर्मनीत दोघांनी डिटेक्टरने, विनापरवाना, डोंगरावर खणून ती काढली. फूटभर व्यासाची कांस्याची चकती, तिच्यावर सोन्याचे सूर्य-चंद्र-तारे. काढताना हत्याराचा घाव बसला, एक तारा उखडला, सोन्याचा पत्रा फाटला. मग ती चोरबाजारात हातोहात फिरत राहिली. 2002 मध्ये बाझेलच्या एका हॉटेलात गिऱ्हाईक बनून गेलेल्या पुरातत्त्वज्ञाच्या मदतीने पोलिसांनी सापळा लावला, तेव्हा कुठे ती हाती आली. हे झालं चोर-पोलिसाचं. खरं नुकसान पुढे आहे. तिच्याबरोबर सापडलेल्या म्हणून सांगितलेल्या तलवारी-कुऱ्हाडींवरून तिचा काळ कांस्ययुगाचा, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून अधिक जुना ठरवला गेला. पण त्या वस्तू खरंच तिच्याबरोबर होत्या का, याला साक्षीदार कोण? ते दोघे. 2020 मध्ये दोन अभ्यासकांनी हाच धागा पकडला आणि चकती कित्येक शतकांनी अलीकडची, लोहयुगातली असावी असं मांडलं. मातीचे, धातूचे पुरावे दाखवून दुसऱ्या बाजूने त्याला उत्तरही दिलं आहे, आणि मला ते उत्तर अधिक पटतं. पण जगातल्या इतक्या मोलाच्या वस्तूवर असा वाद उभा राहू शकतो, तो केवळ एका दुपारच्या घाईमुळे. नीट काढली असती तर हा प्रश्नच आला नसता.

कायद्यावर मी फार लिहिणार नाही. ते देशोदेशी वेगळे आहेत आणि आपापल्या ठिकाणचे वाचून घेणं हे तुमचं काम आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे, त्यात वर्दी द्यायला 14 दिवस मिळतात आणि बक्षीसही मिळतं. डेन्मार्कमध्ये जमिनीत सापडलेलं मौल्यवान पुरातन धन राज्याचं, ही प्रथा मध्ययुगापासून आहे आणि शोधणाऱ्याला मोबदला दिला जातो. आयर्लंडमध्ये 1980 ला डेरीनफ्लानचा ठेवा डिटेक्टरने निघाला, त्यावरून बरीच कोर्टबाजी झाली आणि 1987 पासून परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला मशीन वापरणंच बंद झालं. भारतात निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा 1878 चा आहे, वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यायची, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खणायचंच नाही. "मला माहीत नव्हतं" हे कुठल्याच कोर्टात चालत नाही. जमिनीच्या मालकाला न विचारता पाऊल टाकू नये हे तर कायदा नसता तरी कळायला हवं.

दोन घबाडं मात्र शेजारी ठेवून दाखवतो, कारण ती एकाच वर्षातली आहेत. 2015 मध्ये इंग्लंडमध्येच व्हायकिंग काळातले दोन ठेवे निघाले. वॉटलिंग्टनला सापडलेल्याची वर्दी दिली गेली. मातीच्या ढेपेसकट तो उचलून प्रयोगशाळेत नेला आणि तिथे सावकाश सोडवला. सुमारे 200 नाणी, शिवाय चांदीच्या लगडी आणि दागिने. त्यातल्या नाण्यांवरून वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ हे दोघे एकसारखी नाणी पाडत होते, म्हणजे मित्र होते, हे ठसठशीत दिसलं. नंतरच्या इतिहासात केओलवुल्फची किंमत पार घसरवलेली होती, त्यामुळे हे मोठंच. दुसरा ठेवा हेरफर्डशरला निघाला. ज्यांना तो सापडला त्यांनी तो लपवला आणि फुटकळ विकला. अंदाजे 300 नाण्यांपैकी जेमतेम 30 परत मिळाली. त्यातही आल्फ्रेड आणि केओलवुल्फ होतेच. उरलेली कुठे आहेत कुणास ठाऊक. विकणाऱ्यांना 2019 मध्ये तुरुंगवास झाला. परवानगी घेऊन रीतसर वर्दी दिली असती तर बक्षिसाचा चांगला वाटा त्यांनाही मिळण्याची शक्यता होती. याला काय म्हणावं?

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. पुरातत्त्ववाल्यांपैकी काहीजण आपल्याकडे चोर म्हणूनच पाहतात. मी एकदा एका कार्यालयात नाणं घेऊन गेलो, तर आधी माझीच उलटतपासणी झाली आणि नाणं तासभर टेबलावर तसंच पडून राहिलं. वर्दी दिल्यावर महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, वस्तू कपाटात जाते ती जाते, शोधणाऱ्याचं नाव पाटीवर येत नाही. ही गाऱ्हाणी खरी आहेत आणि त्या मंडळींनाही कधीतरी एक पत्र लिहायचं आहे. जिथे त्यांनी हात पुढे केला, तिथे काय झालं हे तर समोर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते. तिथले अधिकारी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसतात, वस्तू पाहून, नोंद करून परत देतात. आजवर 15 लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्यांनीच शोधलेल्या. चोर म्हणून हाकललं असतं तर यांतल्या किती कळल्या असत्या?

आता थोडं हाताशी येईल असं. खिशात लहान प्लास्टिकच्या पिशव्या आणि न पुसणारं पेन ठेवा. वस्तू निघाली की आधी ती खड्ड्यात असतानाच फोटो, शेजारी माप कळेल असं काहीतरी ठेवून. फोनवर जागा टिपा. फोन दोन-चार मीटर इकडेतिकडे चुकतो, चालेल. "अमक्याच्या शेतात" यापेक्षा लाखपटीने बरं. पिशवीवर आकडा आणि तोच आकडा वहीत. किती खोल, तेही. नांगराच्या थरात होतं की त्याखालच्या घट्ट, न हललेल्या मातीत, हे त्याहून महत्त्वाचं. घट्ट माती लागली की मुळात तुम्ही तिथे नसायला हवं.

आणि धुवू नका. हात जोडून सांगतो, धुवू नका, घासू नका. तांब्या-कांस्यावर जी गुळगुळीत हिरवी-काळी पुटं चढतात ती घाण नसते. नाण्याची मूळ कातडी बऱ्याचदा त्या पुटांतच असते, खालच्या धातूत नसते. ते खरवडलं की राजाचं नाकच जातं, आणि परत कुणी लावू शकत नाही. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर मात्र सावध व्हा. तो धातूतल्या क्लोराइडचा आजार आहे. हवेतल्या ओलाव्यावर तो पोसतो आणि नाणं आतून पोखरतो. असं नाणं बाकीच्यांपासून बाजूला काढा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. धातूला लाकूड, कापड, चामडं चिकटलेलं असेल तर याच्या उलट: ते एकदम सुकू देऊ नका, आहे त्या ओल्या मातीसकट बांधा आणि त्याच दिवशी पोचवा. सुकलं की चुरा होतो.

त्या 47 नाणीवाल्याचं सांगायचं राहिलं. मी त्याला फ्रोमची गोष्ट सांगितली नव्हती, फक्त म्हणालो होतो की तुझा खड्डा अजून तिथेच असेल तर उपसलेल्या मातीत पुन्हा एकदा नीट बघ, खणू मात्र नकोस. मला वाटलं, हा काही परत येत नाही. आठ दिवसांनी आला. वर्तमानपत्राच्या पुडीत एक वाकडा खिळा आणि तीन खापऱ्या. शेतमालकाबरोबर जाऊन खड्ड्याची जागाही टिपून आणली होती, आणि वर्दीचा अर्ज कसा लिहायचा हे विचारत होता.

सगळ्यात मोठी खापरी मी उलटी करून दिव्याखाली धरली. आतल्या बाजूला, बुडाच्या वळणापाशी, हिरवा गोल डाग होता. कडा स्पष्ट, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. एक नाणं तिथे शेकडो वर्षं टेकून बसलेलं होतं. आम्ही 47 नाणी एकेक करून त्या डागाशी लावून पाहिली. एकाच्याही अंगावर खापराचा कण उरलेला नव्हता. आकाराने नऊ-दहा बसत होती, त्यांतलं ते कोणतं हे सांगता येईना. तो बराच वेळ तसाच एकेक नाणं लावून बघत राहिला. मग म्हणाला, "तळाचं यातलंच एक आहे ना, काका?"

"हो," म्हटलं, "यातलंच एक."

आपला,
टेबलापाशी बसलेला एक जुना डिटेक्टरवाला